चीनहून व्हायब्रेटर मागवून युरोपात विकायचेत, ‘सीई’वर भागतं का?

गायत्री_आइंडहोवन:

नमस्कार मंडळी. विषय थोडा संकोचाचा आहे, पण इथे युरोपात आयातीचा धंदा करणारी बरीच मराठी माणसं आहेत, म्हणून सरळच विचारते.

मी आइंडहोवनला असते. केव्हीकेत (डच व्यापार नोंदणी कार्यालयात) व्यवसाय नोंदवलाय, व्हॅट नंबर आणि ईओआरआय, म्हणजे आयातीसाठीचा कस्टम्स नंबर, हातात आहेत. बायकांसाठी अडल्ट प्रॉडक्टचं छोटं ऑनलाइन दुकान काढायचंय. सुरुवात नेदरलँड्समध्ये, जमलं तर पुढे जर्मनीत. पहिल्या खेपेला चार वस्तू डोक्यात आहेत. यूएसबीवर चार्ज होणारा सिलिकॉनचा व्हायब्रेटर, त्याचाच ब्लूटूथ आणि मोबाइल अॅपवाला भाऊ, टीपीईची (रबरासारख्या मऊ प्लास्टिकची) एक वस्तू जिच्यात वीज-बॅटरी काही नाही, आणि पाण्याच्या बेसचं ल्युब्रिकंट. सगळ्यांवर माझ्या ब्रँडचा लोगो.

शेन्झेनच्या पुरवठादारानं मागितल्या मागितल्या कागद पाठवले. एक ‘सीई सर्टिफिकेट’ (सीई म्हणजे वस्तू युरोपच्या नियमांत बसते असं सांगणारी उत्पादकाची खूण), एक रोह्सचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांच्या कायद्याचा रिपोर्ट, आणि सिलिकॉन ‘मेडिकल ग्रेड’ आहे असं लेटरहेडवरचं पत्र. टीपीईच्या वस्तूच्या खोक्यावरही सीईची खूण छापून देतो म्हणतात, वेगळे पैसे नकोत. माल उतरवून देणाऱ्या एजंटनं तर सांगितलं, फाइलमध्ये कागद असले की झालं, ते वाचत कोण बसतंय.

मला हेच खटकलंय. वस्तू शरीराच्या आत वापरायची आहे. उद्या कुणाला त्रास झाला तर ‘कागद होते’ म्हणून मी झोपू शकणार नाही. तर मला कळायला हवं की कायदे नेमके कोणते लागतात, जबाबदारी कारखान्याची की माझी, आणि चाचण्यांवर पैसे घालायचेच तर आधी कशावर घालायचे? वर्षाला थोडे युरो घेऊन ‘रिस्पॉन्सिबल पर्सन’ (युरोपातला जबाबदार संपर्क) म्हणून नाव देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती दिसतात, तसं काही मला लागतं का?

मिलिंद_म्युनिक:

मी स्वयंपाकघरातली छोटी यंत्रं मागवतो. माझा अनुभव असा की सीई आणि रोह्स असलं की गाडी चालते. २०२४ च्या डिसेंबरपासून तो नवा जीपीएसआर, म्हणजे वस्तूंच्या सुरक्षेचा सर्वसाधारण युरोपियन कायदा, आलाय, त्यासाठी तेवढं युरोपातलं एक नाव-पत्ता खोक्यावर छापा. रिस्पॉन्सिबल पर्सनची सेवा घेऊन टाका, डोक्याला ताप नाही. बाकी जबाबदारी कारखान्याची, सही त्यांची असते.

अश्विनी_रॉटरडॅम:

गायत्री, तू विचारलंस हे फार बरं केलंस. मी रॉटरडॅममध्ये एका आयातदार कंपनीत प्रॉडक्ट सेफ्टी बघते, मसाजर आणि अंगाला लागणाऱ्या वस्तू हेच माझं रोजचं काम. मिलिंददादा, तुमचं म्हणणं तुमच्या यंत्रांपुरतं बऱ्याच अंशी ठीक असेल, पण गायत्रीच्या बाबतीत शेवटचं वाक्य उलटं आहे, आणि तिथूनच सुरुवात करायला हवी.

लोगो तुझा, म्हणजे उत्पादक तू. जीपीएसआर म्हणजे नियमन २०२३/९८८, लागू झालं १३ डिसेंबर २०२४ ला. त्याच्या तेराव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की जो आपल्या नावानं किंवा ट्रेडमार्कनं वस्तू बाजारात आणतो, त्याच्यावर उत्पादकाची सगळी कर्तव्यं येतात. सीईच्या कायद्यांतही तसंच आहे. कारखाना शेन्झेनला असो की शेजारच्या गल्लीत, जोखमीचं विश्लेषण तुझं, तांत्रिक फाइल तुझी, ती दहा वर्षं जपून ठेवायची जबाबदारीही तुझी. सीईच्या वस्तूंची डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी, म्हणजे वस्तू नियमांत बसते असं जाहीर करणारा कागद, तुझ्या सहीनं निघणार. आणि तू स्वतः युरोपियन युनियनमध्येच बसलेली असल्यामुळे भाड्याचा रिस्पॉन्सिबल पर्सन तुला लागतच नाही. ती सोय बाहेरून थेट विकणाऱ्यांसाठी. तो पैसा प्रयोगशाळेला दे.

आता तुझ्या चारही वस्तू कायद्याच्या नजरेत वेगवेगळ्या आहेत, त्यांची मोट एकत्र बांधू नकोस.

साधा व्हायब्रेटर. बॅटरी पाच व्होल्टवर चार्ज होते, त्यामुळे लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह लागत नाही, ती पन्नास व्होल्ट एसी आणि पंचाहत्तर व्होल्ट डीसीपासून पुढे. लागतात ईएमसी आणि रोह्स, आणि सीईची खूण या दोघांपोटी. म्हणजे बघ, ती खूण एवढंच सांगते की विद्युतचुंबकीय त्रास नाही आणि ठरावीक दहा घातक पदार्थ मर्यादेत आहेत. मोटर तापून चटका बसेल का, शिवणीतून पाणी आत जाईल का, चार्जिंगला लावलेलं असताना कुणी वापरलं तर काय, हे सगळं जीपीएसआरखाली येतं आणि त्याचा विचार तू केलास हे फाइलमध्ये दिसायला हवं. मसाजच्या उपकरणांचं ईएन ६०३३५-२-३२ हे मानक इथे चांगला आधार आहे, बॅटरीसाठी ईएन ६२१३३-२. बॅटरीचा नवा कायदा २०२३/१५४२ आहेच, १८ ऑगस्ट २०२४ पासून बॅटरीवरही सीईची खूण लागते. विमानानं किंवा जहाजानं यायला यूएन ३८.३ चा (बॅटरीच्या वाहतूक-सुरक्षेच्या चाचण्यांचा) टेस्ट समरी लागतो, तो मात्र पुरवठादाराकडे असायलाच हवा. नसेल तर त्या कारखान्याशी पुढे बोलूच नकोस.

अॅपवाला व्हायब्रेटर. ब्लूटूथ आलं की रेडिओ उपकरणांची डायरेक्टिव्ह, २०१४/५३. ईएमसीचा आणि विजेच्या सुरक्षेचा भाग मग तिच्यातच येतो, आणि सुरक्षेला तिथे व्होल्टची खालची मर्यादा नाही. शिवाय १ ऑगस्ट २०२५ पासून सायबर सुरक्षेच्या अटी बंधनकारक झाल्यात, मानक ईएन १८०३१. वस्तू मोबाइलमार्फत इंटरनेटवर जाते आणि व्यक्तिगत माहिती हाताळते, म्हणजे तू त्यात आलीस. ही माहिती किती व्यक्तिगत असते सांगायला नकोच. २०१६ मध्ये वुई-व्हाइब ब्रँडवर अमेरिकेत दावा झाला होता, तापमान आणि कंपनाचा वेग यांची माहिती ग्राहकाला न विचारता कंपनीच्या सर्व्हरवर जाते असा आरोप होता, आणि पुढच्या वर्षी कंपनीनं काही दशलक्ष डॉलर देऊन तडजोड केली. पुरवठादार तयार अॅप देतो तेव्हा सर्व्हर कुठे, पासवर्ड कसा, अपडेट किती वर्षं, हे त्याला लेखी विचार. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या खेपेला ही वस्तू आणूच नकोस.

टीपीईची वस्तू. तिच्यावर सीईची खूण छापून घेतलीस तर नियम मोडशील. सीई फक्त ज्या कायद्यांत ती खूण सांगितलीय त्या वस्तूंवरच लावता येते, आणि वीज नसलेल्या या वस्तूसाठी तसा कायदाच नाही. कारखाना ‘फुकट’ छापून देतोय यावरूनच त्याची युरोपच्या नियमांची जाण कळते. या वस्तूला जीपीएसआर आणि रीच (रसायनांचा युरोपियन कायदा) एवढेच लागतात, पण रीच तिथे कडक आहे. डीईएचपी, डीबीपी, बीबीपी, डीआयबीपी हे चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) मिळून वजनाच्या ०.१ टक्क्याच्या खाली हवेत, ७ जुलै २०२० पासून. काही औद्योगिक आणि उघड्यावर वापरायच्या वस्तूंना त्या नोंदीत सवलत आहे, पण तीसुद्धा माल श्लेष्मल त्वचेला लागत नसेल तरच. तुझी वस्तू तर त्याच त्वचेसाठी बनलेली! दुसरी नोंद पीएएचची, म्हणजे तेल-काजळीतून येणाऱ्या घातक रसायनांची: त्वचेला वारंवार लागणाऱ्या रबर-प्लास्टिकमध्ये आठ ठरावीक पीएएच, प्रत्येकी किलोला एक मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. काळ्या रंगाच्या आणि स्वस्त तेलानं मऊ केलेल्या मालात ही भानगड जास्त.

ल्युब्रिकंट. इथे बऱ्याच नव्या दुकानदारांचा पाय अडकतो. कॉस्मेटिकच्या कायद्यात, १२२३/२००९ मध्ये, शरीराचे बाह्य भाग येतात, बाह्य जननेंद्रिय धरून. योनीच्या आत वापरायचं, कोरडेपणावर उपाय म्हणायचं किंवा कंडोमबरोबर चालतं असं लिहायचं, तर ते वैद्यकीय उपकरणांकडे, म्हणजे २०१७/७४५ कडे जातं, आणि साधारणपणे नोटिफाइड बॉडीचं, म्हणजे सरकारमान्य तपासणी संस्थेचं, सर्टिफिकेट मागितलं जातं. चीनच्या बाटलीवर तुझा लोगो लावून हे जमणारं काम नाही. ज्याच्याकडे ती कागदपत्रं आहेत अशा युरोपातल्या उत्पादकाचं, त्याच्याच लेबलखाली विक. घेताना ऑस्मोलॅलिटी, म्हणजे द्रवात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, विचार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ च्या सूचनेत किलोला १२०० मिलिऑस्मोलच्या वर जाऊ नका म्हटलंय, हे प्रमाण फार जास्त असलेला द्रव पेशींतलं पाणी ओढून घेतो.

आता कागदांचं. तुझा रोह्स रिपोर्ट उघड आणि सरळ शेवटच्या पानावरचे फोटो बघ. वस्तू कापून एकेक भाग वेगळा मांडलेला असतो, प्रत्येकाला नंबर. त्या नंबरांत वरचं सिलिकॉनचं कातडं आहे का? माझ्यासमोर येणाऱ्या रिपोर्टांत अनेकदा सर्किट बोर्ड असतो, स्क्रू असतो, यूएसबीची वायर असते, आणि अंगाला लागणारा एकमेव भाग, तो नसतोच. मग चाचणीची पद्धत बघ. नुसतं एक्सआरएफ लिहिलं असेल तर त्यात थॅलेट दिसतच नाहीत, ते यंत्र मूलद्रव्यं मोजतं, सेंद्रिय रेणू नाही. थॅलेटसाठी जीसी-एमएस हवं. फोटोतला रंग आणि तुझ्या मालाचा रंग एकच आहे का? मॉडेल नंबर? रिपोर्ट कुणाच्या नावावर आहे? पुरवठादार बहुतेक वेळा मधला व्यापारी असतो आणि रिपोर्ट तिसऱ्याच कारखान्याचा. ‘सीई सर्टिफिकेट’ नावाचा जो रंगीत कागद आला असेल त्याला फार किंमत देऊ नकोस. तुझ्या साध्या व्हायब्रेटरला कायद्यात असं सर्टिफिकेट नाहीच, तिथे उत्पादकाची स्वतःची डिक्लरेशन असते आणि तिच्यामागे चाचण्या.

चाचण्यांना पैसे मर्यादित असतील तर माझा क्रम असा: आधी अंगाला लागणाऱ्या प्रत्येक मालाच्या प्रत्येक रंगाचं रसायन, मग त्याच मालाची आयएसओ १०९९३-५ ची पेशींवरची चाचणी, मग बॅटरी आणि तापमान. मॅग्नेटच्या चार्जिंगच्या टोकांचं निकेलही तपासून घे, दीर्घकाळ त्वचेला लागणाऱ्या वस्तूंसाठी मर्यादा आठवड्याला चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. ती टोकं नेमकी हातात धरायच्या जागी येतात.

आणि आयएसओ ३५३३ विकत घे. २०२१ चं आहे, खास सेक्स टॉयसाठीचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक. स्वीडनच्या पुढाकारानं झालं, तिथल्या एका सर्जनकडे आत अडकलेल्या वस्तू घेऊन रुग्ण येत होते म्हणून. गुदद्वारासाठीच्या वस्तूला तळाशी रुंद बूड किंवा बाहेर काढता येईल अशी रचना हवी, साहित्य कसं हवं, सूचना काय द्याव्यात, सगळं आहे. बंधनकारक नाही, पण ‘तुम्ही जोखीम कशाच्या आधारे तपासली’ या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. मिक्सरला वास आला तर लोक दुसऱ्या दिवशी फोन करतात. या वस्तूनं जळजळ झाली, पुरळ आलं, तर बाई गप्प बसते, ती कपाटाच्या तळाशी टाकते, फार तर डॉक्टरकडे जाते आणि तिथेही खरं कारण सांगत नाही. म्हणजे बाकी धंद्यात तक्रारी जे काम करतात ते इथे होत नाही. बाजारातून तुला काहीही कळणार नाही, म्हणून जे कळायचं ते माल विकण्याआधीच कळवून घ्यावं लागतं. एजंटनं सांगितलेलं विसर. इथे एनव्हीडब्ल्यूए ही डच सरकारी यंत्रणा ग्राहकोपयोगी वस्तूंवर लक्ष ठेवते, आणि निरीक्षक ओळख न देता ग्राहक म्हणूनही वस्तू मागवू शकतात. कस्टम्सला शंका आली तर ते माल अडवून निरीक्षकांना कळवतात, चार कामाच्या दिवसांत अडवणूक पुढे चालू ठेवायचा आदेश आला नाही तरच तो सुटतो.

साचेकार:

अश्विनीताईंनी कायद्याचं सगळं सांगितलंच आहे, मी फक्त मालाबद्दल लिहितो. दक्षिण जर्मनीत सिलिकॉन मोल्डिंगच्या कारखान्यात आहे, आम्ही बाळांच्या बाटल्यांची बुचं आणि वैद्यकीय नळ्यांचे भाग काढतो.

‘मेडिकल ग्रेड सिलिकॉन’ या पत्राला अर्थ तेव्हाच, जेव्हा त्यात कच्च्या मालाच्या कंपनीचं नाव आणि ग्रेड नंबर असेल. तो नंबर मागा, डेटाशीट मागा, आणि खरेदीचं इनव्हॉइस दाखवा म्हणा. देत नसतील तर पत्र बाजूला ठेवा. शिवाय बॅरलमधलं सिलिकॉन चांगलं असून पुरत नाही. ते प्लॅटिनमनं क्युअर, म्हणजे पक्कं, केलंय की पेरॉक्साइडनं, आणि साच्यातून निघाल्यावर ओव्हनमध्ये पुन्हा भाजलंय का, हे महत्त्वाचं. आम्ही पोस्ट क्युअर सहसा २०० अंशांना चार तास करतो. त्यात आत राहिलेले छोटे सायलोक्सेन (सिलिकॉनचे न जोडले गेलेले लहान रेणू) उडून जातात. त्यातले डी४, डी५, डी६ हे २०१८ पासून रीचच्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत आहेत, ०.१ टक्क्याच्या वर असतील तर पुढच्या व्यावसायिक ग्राहकाला कळवावं लागतं, आणि सामान्य ग्राहकानं विचारलं तर ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. घाईच्या ऑर्डरीत कारखाने पहिलं काय गाळतात, तर हा ओव्हन. आत मोटर आणि बॅटरी बसवून वर सिलिकॉन ओतलेलं असेल तर २०० अंशांना भाजताच येत नाही. कातडं वेगळं बनवून भाजून मग चढवलंय का, हे विचारा. या एका प्रश्नावर समोरचा माणूस कारखान्यातला आहे की नुसता विकणारा, ते कळतं.

नमुना आला की तो झिपच्या पिशवीत घालून खिडकीत उन्हाला ठेवा, मग पिशवी उघडून लगेच वास घ्या. नीट भाजलेल्या सिलिकॉनला जवळजवळ वास नसतो. टीपीई पांढऱ्या टिश्यूवर ठेवून वर पुस्तक ठेवा. टिश्यूवर तेलाचा पारदर्शक डाग उमटला तर त्यातलं मऊ करणारं तेल बाहेर येतंय, आणि वापरतानाही येणारच. मग बोटानं साच्याची शिवण चाचपा. जिथे दोन भाग मिळतात तिथे बारीक धार राहते, नखाला अडकते. डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक असली तरी नाजूक त्वचेला ती कापते. ही घरची तपासणी फक्त वाईट माल बाद करायला. चांगला माल चांगला असल्याचं ती सिद्ध करत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच.

इंटरनेटवर काडी पेटवून सिलिकॉन ओळखायचे व्हिडिओ आहेत. त्यावर विसंबू नका. सिलिकॉनमध्ये दुसरं काय कालवलंय ते ज्योतीला कळत नाही.

टीपीईबद्दल माझं मत कडक आहे. ते सच्छिद्र असतं, पूर्ण निर्जंतुक होत नाही, उकळलं तर आकार बिघडू शकतो. विकायचंच असेल तर ‘कंडोम लावून वापरा, दुसऱ्याबरोबर वाटून घेऊ नका’ हे डचमध्ये ठळक छापा.

गायत्री_आइंडहोवन:

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. रोह्स रिपोर्टचं शेवटचं पान आत्ताच उघडलं. फोटोत काळी वायर, हिरवा बोर्ड, दोन स्क्रू आणि एक पांढरं बटण. गुलाबी कातडं कुठेच नाही. पद्धत एक्सआरएफ. पुरवठादाराला ग्रेड नंबर विचारलाय, तर ‘ट्रेड सीक्रेट’ म्हणून उत्तर आलं.

अॅपवाला व्हायब्रेटर आणि ल्युब्रिकंट दोन्ही काढून टाकते. टीपीईची वस्तूही सिलिकॉनमध्ये मिळते का बघते. अजून दोन शंका आहेत. २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला काढता आली पाहिजे म्हणतात, मग वॉटरप्रूफ व्हायब्रेटरचं काय? आणि तक्रारींबद्दल अश्विनीताई जे म्हणाल्या ते अगदी पटलं, पण मग त्यांची वाट मोकळी कशी करायची? रिकॉलची वेळ आलीच तर ज्या बाईनं घरात कुणाला न सांगता वस्तू घेतलीय, तिला मेल कशी पाठवायची?

अश्विनी_रॉटरडॅम:

ट्रेड सीक्रेट म्हणणाऱ्याला आदरपूर्वक नमस्कार करून दुसरा कारखाना शोध. ग्रेड नंबर हे गुपित नसतं, चांगले कारखाने तो आपणहून सांगतात.

बॅटरीचं: तारीख १८ फेब्रुवारी २०२७, बॅटरीच्या कायद्याचं कलम ११. पण त्यात एक अपवाद आहे. जी उपकरणं मुख्यतः पाण्याच्या शिंतोड्यांत, धारेखाली किंवा पाण्यात वापरायची आणि धुवायची म्हणूनच बनवली आहेत, आणि ग्राहकानं बॅटरी काढली तर सुरक्षेला धोका होईल, तिथे स्वतंत्र कारागिरानं काढता आली तरी चालते. तुझी वस्तू त्यात बसते असं वाटत असेल तर ‘मुख्यतः पाण्यात वापरण्यासाठी’ हे डिझाइनमध्ये आणि सूचनांमध्ये दिसलं पाहिजे, नुसतं खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहून ते सिद्ध होत नाही. आणि कारागिरालाही कातडं फाडल्याशिवाय आत जाता येत नसेल तर अपवादाचाही उपयोग नाही. नवा कारखाना निवडताना हे आत्ताच विचार, कारण साचा एकदा कापला की बदलायला महाग.

तक्रारींचं. कायद्यानं तक्रारीसाठी फोन, ईमेल किंवा वेबसाइटवर वेगळी जागा ठेवावीच लागते, आणि आलेल्या तक्रारींची नोंद ठेवावी लागते. ते किमान झालं. तू खोक्यात एक छोटं कार्ड घाल: ‘जळजळ, पुरळ, रक्त, वस्तू गरम होणं, यांतलं काही झालं तर वापर थांबवा आणि आम्हाला कळवा, नाव सांगायची गरज नाही, बॅच नंबर तेवढा लिहा.’ फॉर्ममध्ये टिचकी मारायचे पर्याय दे. रकाना भरायला लावलास की बायका थांबतात. बॅच नंबर वस्तूवरच कोरलेला हवा, खोकं तर पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं. बॅचला अर्थ असायला हवा, म्हणजे कोणत्या सिलिकॉनच्या लॉटमधून आणि कोणत्या बॅटरीच्या लॉटमधून ती झाली, हे तुला शोधता आलं पाहिजे. एकाच लॉटमधून तीन-चार निनावी ‘पुरळ’ आले तर माल विकणं थांबव आणि त्या लॉटचे जपून ठेवलेले नमुने तपासायला पाठव. म्हणजे प्रत्येक लॉटचे नमुने तुझ्याकडे शिल्लक हवेत, हे ओघानं आलंच. गंभीर इजा कळली तर उत्पादक म्हणून तुला सेफ्टी बिझनेस गेटवे या युरोपियन पोर्टलवरून विनाविलंब कळवावं लागतं. तिथे ‘आधी खात्री करू’ म्हणत बसायचं नाही.

रिकॉलबद्दल तू विचारलंस ते फार थोडे लोक विचारतात. ज्यांचा संपर्क तुझ्याकडे आहे त्या प्रत्येकीला थेट कळवणं बंधनकारक आहे. सूचनेवर ‘प्रॉडक्ट सेफ्टी रिकॉल’ हे शीर्षक लागतं, आणि ‘खबरदारी म्हणून’, ‘स्वेच्छेनं’, ‘क्वचित प्रसंगी’ असे धोका सौम्य करणारे शब्द चालत नाहीत. दुरुस्ती, बदली वस्तू आणि पैसे परत, यांतले किमान दोन पर्याय द्यायचे. वस्तूचं नाव आणि चित्र सूचनेच्या आत येतं, पण मेल कुणाच्या नावानं येते ते तुझ्या हातात आहे. पाठवणाऱ्याचं नाव आणि बँकेच्या स्टेटमेंटवरचं नाव दोन्ही एकच ठेव, सौम्य ठेव, म्हणजे तिनं ते आधीपासून ओळखलेलं असेल. ऑर्डर घेताना एक रकाना दे: सुरक्षेच्या सूचनेसाठी वेगळा ईमेल किंवा मोबाइल. ज्या दुकानांकडे ग्राहक नोंदणी असते त्यांनी अशी वेगळी सोय द्यावी असं जीपीएसआरच सांगतो, आणि तो संपर्क जाहिरातीला वापरायचा नाही. गेस्ट म्हणून घेणाऱ्यांनाही तो रकाना दाखव.

दुकानाच्या पानाचंही आत्ताच करून ठेव. प्रत्येक वस्तूशेजारी उत्पादकाचं नाव, पोस्टाचा पत्ता, ईमेल, वस्तूचं चित्र आणि ओळख पटवणारा नंबर, आणि इशारे डचमध्ये, विकत घेण्याआधी दिसतील असे. घरचा पत्ता सगळ्या जगाला दिसणार हे लक्षात घे. बऱ्याच बायका इथे व्यवसायाचा वेगळा पत्ता भाड्यानं घेतात, तसा घे, पण तिथे आलेलं पत्र खरंच तुझ्यापर्यंत पोचलं पाहिजे.

जर्मनीत विकायच्या आधी तिथली इलेक्ट्रॉनिक कचऱ्याची नोंदणी स्टिफ्टुंग ईएआरकडे आणि पॅकिंगची ल्युसिडमध्ये करावी लागते. ईएआरसाठी तिथला अधिकृत प्रतिनिधीही नेमावा लागेल. नोंदणीला वेळ लागतो, आणि तिच्याशिवाय विकलेला एक नगसुद्धा नियमबाह्य. इथे नेदरलँड्समध्ये इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी स्टिखटिंग ओपन, बॅटरीची उत्पादक नोंदणीही करायची. ते काम मात्र सोपं आहे, एका दुपारी फॉर्म भरून होतात.

नव्या कारखान्याचे नमुने आले की रिपोर्ट इथे टाकू नकोस, त्यात त्यांची नावं असतात. मला खासगी निरोप कर, शेवटचं पान आधी पाठव.